उकंडा मिस्त्री आणि पश्चिमेचा ठोकळा

परवा हिंगण्याच्या रस्त्याने ऑटोत बसून येत होतो. शेजारी एक शिकलेला माणूस आणि त्याची बायको. माळ आला तसा त्याने बाहेर बोट केलं आणि बायकोला सांगितलं, "इथे पूर्वी रेडिओचा मनोरा होता. वादळात पडला. एक दारुडा वर चढून बसला होता, तो मेला." मी ऑटोवाल्याला म्हटलं, थांबव बाबा. उतरलो आणि राहिलेला रस्ता पायी चाललो. त्या माणसाशी भांडलो नाही. भांडायला समोरच्याला निदान थोडं तरी ठाऊक असावं लागतं.

तो दारुडा नव्हता. त्याचं नाव उकंडा मिस्त्री. त्याने जन्मात दारूला हात लावला नाही, आणि मनोराही नुसत्या वादळाने पडला नाही. मी चौथी शिकलो, तीही दोन खेपेत. लिहायची सवय नाही. पण त्या माळावर मी सोळा वर्षं विंच चालवली, म्हणजे रस्सा गुंडाळून वजन वर चढवायचं यंत्र. मनोरा उभा राहताना मी होतो, आडवा झाला तेव्हाही होतो. आता असं म्हणणारा दुसरा कोणी जिवंत नाही. तेव्हा मी सांगतो ते ऐकून घ्यावं लागेल.

मिस्त्री दिसायला काहीच नव्हता. बुटका, पाय काटकुळे, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. डोक्याला बारा महिने दुपट्टा. बोटं मात्र लांब, बाईमाणसासारखी. आधीची तीन भावंडं वाचली नाहीत म्हणून याला जन्मल्याबरोबर आईने उकिरड्यावर लोळवला आणि नाव उकंडा ठेवलं. आमच्याकडे अशी नावं पुष्कळ. पण बाहेरगावचा नवा साहेब आला की हजेरी घेताना हसायचा. मिस्त्री शांतपणे म्हणायचा, "हसा साहेब. देवाले घिन यावी म्हनून ठेवलं हाये. आतापावतर तं आली हाये त्याले."

घराणं विणकरांचं. बाप हातमागावर नागपुरी काठाची लुगडी विणायचा. मिस्त्रीही विसाव्या वर्षापर्यंत मागावर बसला. मग कापडाला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि तो विजेचे खांब उभे करणाऱ्या टोळीत गेला. लोक म्हणत, कुठे सूत आणि कुठे लोखंड. तो म्हणे, "काहीच फरक नाही गा. सूत काय नं तार काय, सारा खेळ तानाचा हाये. एकीकडून जास्त ओढलं का दुसरीकडून कापड रडते."

मनोऱ्याचं तसंच होतं. लोखंडी जाळीचा उंच बारीक दांडा. खाली इतका अरुंद, की तीन माणसांनी हात धरून कवेत घ्यावा. तो आपल्या जोरावर उभा नव्हता. तीन दिशांनी जाड तारेचे दोर त्याला धरून होते. आम्ही त्यांना स्टे म्हणत असू. प्रत्येक दिशेला तीन स्टे, खालचा, मधला, वरचा, आणि तिन्ही एका सिमेंटच्या ठोकळ्यात जाऊन घट्ट झालेले. ठोकळा जमिनीत गाडलेला. एक ठोकळा उत्तर-पूर्वेकडे, एक दक्षिण-पूर्वेकडे, या दोघांना आम्ही नुसतं उत्तरेचा आणि दक्षिणेचा म्हणत असू, आणि तिसरा पश्चिमेकडे. पहिले दोन मुरमात बसले होते. पश्चिमेचा काळ्या मातीत.

रोज सकाळी, ऊन निघायच्या आधी, मिस्त्री नऊही स्टे पाहायचा. पाहायचा म्हणजे काय, तर मुठीने तारेवर एक गुद्दा हाणायचा आणि तळवा टेकवून उभा राहायचा. गुद्द्याची थरथर तारेतून वर जाते, मनोऱ्याला लागून परत येते. ती किती वेळात परत येते यावरून त्याला ताण कळायचा. पहिले साहेब होते ते जुने, मायाळू माणूस. त्यांच्याकडे ताण मोजायचं घड्याळासारखं यंत्र होतं. एकदा त्यांनी यंत्र लावलं आणि मिस्त्रीला डोळ्यांवर दुपट्टा बांधायला सांगितलं. मिस्त्रीने सांगितलं, उत्तरेचा मधला सैल आहे. यंत्रही तेच म्हणालं. दुसऱ्या वर्षी मिस्त्री म्हणाला दक्षिणेचा वरचा, यंत्र म्हणालं सगळे ठीक. साहेब हसले. मिस्त्री म्हणाला, "साहेब, तुमची घडी आजारी हाये." यंत्र तपासायला पाठवलं तर आतली स्प्रिंग मेलेली निघाली. त्यानंतर साहेब यंत्राची पेटी उघडायच्या आधी मिस्त्रीला विचारत.

पण एक गोष्ट तो कधी करत नसे. ऊन चढल्यावर स्टेच्या पेचाला, म्हणजे ताण कमीजास्त करायच्या स्क्रूला, हात लावत नसे. नागपूरचा उन्हाळा ज्याने अंगावर घेतला त्याला सांगायला नको, दुपारी लोखंडावर भाकर भाजावी असं ऊन. ज्या बाजूने सूर्य, ती बाजू तापून लांब होते, आणि मनोरा विरुद्ध बाजूला वाकतो. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, तेव्हा मनोरा पूर्वेला झुकलेला दिसतो. रात्री थंड झाला की आपोआप सरळ. म्हणून सरळ आहे की नाही ते पहाटेच पाहायचं. मिस्त्री म्हणायचा, "दुपारचं लोखंड खोटं बोलते. त्याच्यासंगं बोलूच नोको."

दुसरा नियम, वर माणूस असताना त्याला खालून नावाने हाक मारायची नाही. नाव ऐकलं की माणूस खाली पाहतो, आणि खाली पाहिलं की हात सुटतात. एकदा रंगाऱ्याचा साळा गावाहून आला, त्याला काय ठाऊक. त्याने खालून ओरडून हाक मारली. रंगारी दीडशे फुटांवर होता. त्याने खाली पाहिलं आणि तिथेच शिडीला मिठी मारून बसला. ना वर ना खाली. मिस्त्री चढला, त्याच्या एक पायरी खाली जाऊन उभा राहिला आणि शिव्या द्यायला लागला. आईबापावरून नाही, त्याच्या रंगावरून. "हा काय रंग लावला बे? म्हशीच्या पाठीवर चिखल बरा. लाव पाय माह्या टकल्यावर, खाली चल, तुले दाखवतो कसा रंग लावतेत." रंगारी चिडला आणि चिडता चिडता एकेक पायरी उतरला. खाली आल्यावर मिस्त्रीच्या डोक्यावर लाल रंगाचा पावलाचा ठसा. तो ठसा घेऊनच तो घरी गेला. बायकोने, यमुनाबाईने, दारात पाहून हंबरडा फोडला म्हणे.

मनोऱ्याच्या दोन तृतीयांश उंचीवर एक मचाण होतं, चार हात लांब, लोखंडी पट्ट्यांचं. मिस्त्रीचं खरं घर ते. वरून अंबाझरीचं पाणी दिसे, सीताबर्डीचा किल्ला दिसे, आणि हवा साफ असली की विणकरांच्या मोहल्ल्यातलं त्याचं छपरही. यमुनाबाई अजून घरी सूत रंगवून वाळत घालायची. खाली आला की तो सांगे, "आज घरी जांभया रंग निंघाला, त्याले लय येळ लागते. म्हंजे आज भाजी नाही, चटनी." आणि तसंच निघे.

मनोऱ्याच्या पूर्वेला आमची लाईन होती. नोकरमाणसांच्या बारा खोल्या एका रांगेत, पुढे हापसा. लाईनीतल्या बाया मिस्त्रीला पंचांगासारखं वापरत. तो चढायला निघाला की कोणीतरी ओरडे, "मिस्त्री, वरून पाह्यजा गा, पानी येते काय? पापड घालाचे हायेत." तो वरून लोखंडावर पाना ठोकून सांगे. एक ठोका, घाला पापड. दोन ठोके, थांबा. सोळा वर्षांत कोणाचा पापड भिजला नाही.

आणि आमच्या कामात तीन ठोके म्हणजे एकच अर्थ, खालून सगळ्यांनी हटा, वरून काही येत आहे.

आता मला त्या पश्चिमेच्या ठोकळ्याचं सांगायला पाहिजे. सकाळच्या फेरीत मिस्त्री तिथे सगळ्यात शेवटी जायचा आणि सगळ्यात जास्त वेळ थांबायचा. ठोकळ्याभोवती उकिडवा बसून माती बोटांनी कुरतडायचा. गुराख्यांना तिथे फिरकू देत नसे. त्या बाजूच्या स्टेखालून कोणी चाललं की खेकसायचा. मी चारदा विचारलं, काहून गा मिस्त्री, त्या ठोकळ्यात काय पुरलं हाये? दर वेळी तो तंबाखू मळायला लागायचा.

पाचव्यांदा मी विचारलंच नव्हतं. एका उन्हाळ्यात, सकाळीच, तो आपण होऊन बोलला. "सदा, इथं मुरूम लागलाच नोयता. नकाशात खड्डा जितका होता तितका खंदला, तरी खाली कायीच माती. म्या म्हनलं ठेकेदाराले, अजून खाली जाव लागते. तो म्हने, उद्या पाहू. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी येऊन पाह्यतो तं खड्डा भरलेला, वरून सिमेट ओलं."

"मग तू साहेबाले सांगतलं नाही?"

"नवी नौकरी होती. पोरगी तान्ही होती. नाही सांगतलं."

त्याने ठोकळ्यावर हात ठेवला. "उन्हाळ्यात हे माती फाटते, पावसायात फुगते. हा ठोकया दातासारखा हालते, सदा. दरसाल सुताभर. म्या रोज येऊन पाह्यतो का आज किती. दुसरं काय करू?"

काळी माती ज्याच्या शेतात आहे त्याला हे कळेल. नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, तिला अशा भेगा पडतात की आत काठी जाते. मी तेव्हा हसून म्हटलं होतं, "इतकी वर्षं नाही पडला, आता काय पडते?" मिस्त्री म्हणाला, "पडला तं कुठं पडंन, माहीत हाये? पश्चिमेचं सुटलं का पूर्वेले." आणि त्याने हनुवटीने आमच्या लाईनीकडे दाखवलं. बोटाने नाही. मनोऱ्याबद्दल बोलताना तो कधी बोट दाखवत नसे.

माझी खोली रांगेत सहावी, बरोबर मधली.

जुने साहेब गेले आणि नवे आले. हुशार, इस्त्रीचे, पुण्याकडचे. वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम लिहितो. वरून मोठे अधिकारी तपासणीला यायचे होते. मे महिना, दुपारचे तीन. साहेबांनी तिवईवर दुर्बीण लावून मनोरा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. मनोरा पूर्वेला झुकलेला. मिस्त्री त्या दिवशी पोरीच्या सासरी उमरेडला गेला होता. साहेब मला म्हणाले, "सदाशिव, पश्चिमेचे पेच आवळावे लागतील."

मला माहीत होतं. हे मी लपवत नाही. सोळा वर्षं मी तेच ऐकत आलो होतो, दुपारचं लोखंड खोटं बोलतं. मी म्हटलंही, "साहेब, मिस्त्री पहाटे पाहतो." साहेब म्हणाले, "मिस्त्रीशिवाय तुला काहीच येत नाही का?"

ते वाक्य मला लागलं. मिस्त्री, मिस्त्री. मीही सोळा वर्षं उन्हात काढली होती. मी पेच आवळले. तिन्ही. दुर्बिणीत मनोरा सुतासारखा सरळ झाला, साहेबांनी पाठ थोपटली, आणि तपासणी होईपर्यंत कोणी हात लावू नये म्हणून पेचांना शिशाचं सील लावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्त्रीने पश्चिमेच्या वरच्या स्टेवर गुद्दा हाणला आणि हात भाजल्यासारखा मागे घेतला. रात्री मनोरा थंड होऊन आपल्या जागेवर आला होता आणि तारा वीणेसारख्या ताणलेल्या. त्याने सील पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"कोनं केलं?"

"साहेबानं सांगतलं."

"कोनं केलं, म्हनून राहिलो मी."

मी मान खाली घातली. त्याने तिसऱ्यांदा विचारलं नाही. सरळ मचाणावर चढला. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा होता. साहेबांच्या टेबलापुढे जाऊन त्याने कोळशाने फरशीवर चित्र काढलं. मधे ठोकळा, आणि मनोऱ्याच्या बाजूने त्याच्याभोवती धनुष्यासारखी वाकलेली भेग. मागच्या बाजूने ठोकळ्याने माती सोडलेली. "साहेब, ठोकया सरकून राहिला. खालून दिसत नाही, खाली साऱ्या भेगाच भेगा. वरून दिसते. तुम्ही एक खेप वर चाला."

साहेबांनी उठून खिडकीतून माळाकडे पाहिलं. "मिस्त्री, सगळं शिवार असंच फाटलेलं आहे."

"वर चाला ना साहेब. म्या तुमच्या खाली राह्यतो."

"तपासणी आठ दिवसांवर आहे. त्यांना दाखवू."

"बरं," मिस्त्री म्हणाला. "मंग आठ दिवस लाईन खाली करा. लोकायले दुसरीकडं ठेवा."

"बारा कुटुंबं कुठे ठेवू? मनोरा सुरक्षित आहे, मी लिहून देतो."

"लिहू नोका. मंग तुम्हीच या इथं राहाले. सहाव्या नंबरात या. सदा तुमच्या बंगल्यात राहील."

साहेब लाल झाले. मिस्त्रीला बाहेर काढलं. मी दाराशीच उभा होतो. मी विचारलं, "सील तोडून सैल करून टाकू काय?" तो म्हणाला, "आता माती सुटली. सैल केला तरी हवा आली का झटका बसंन, तसाच ठेवला तरी उपटंन. आता फक्त मानसं हटवाची राह्यली."

दोन दिवस तो दारोदार फिरला. बाया ऐकत, पण नवरे म्हणत, साहेबाने ठीक म्हटलं आहे. आणि नवरे मला विचारत, कारण पेच मी आवळले होते. मी सांगे, "काही होत नाही. मिस्त्री म्हातारा झाला." हे माझे शब्द. मनोरा पडणार म्हणजे मी चुकलो, आणि मी चुकलो हे मला कबूल नव्हतं. एवढीच गोष्ट.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला मिस्त्री चढला आणि मचाणावर जाऊन बसला. वर माणूस असला की खालची यंत्रं बंद ठेवावी लागत, नाहीतर त्याला धक्का बसायचा. म्हणजे मिस्त्री वर, तोवर रेडिओ बंद. दुपारच्या गाण्यांची वेळ झाली तरी गावात नुसती खरखर. टेलिफोन वाजायला लागले. साहेब भोंगा घेऊन खाली उभे, "मिस्त्री, खाली या! पोलीस बोलावतो!" वरून चिठ्ठी आली, दगडाला बांधून. मिस्त्रीला लिहिता येत नव्हतं. चिठ्ठीवर बारा चौकोन काढले होते, एका रांगेत, आणि प्रत्येकावर फुली.

साहेबांनी ओळखलं. कपाळाला हात लावून म्हणाले, "ठीक आहे. तासाभरासाठी सगळे बाहेर निघा. हा खाली येऊ दे, मग मी पाहतो."

बायांना हेच पाहिजे होतं. बिछाने, पिंप, शेगड्या, कोंबड्या, सगळं हापशाकडे निघालं. कोणी कुलूप लावलं, कोणी नुसती कडी. दोन वाजेपर्यंत अकरा दारं बंद झाली. बारावं माझं. मी उंबरठ्यावर बसून राहिलो.

साहेबांनी सांगितलं, लोकांनी सांगितलं. मी म्हटलं, "मी पेच आवळले आहेत, मला माहीत आहे. मी हलत नाही." तीन वाजले. साडेतीन वाजले. वारा एकदम बंद झाला. पान हालेना. हापशापाशी कोंबड्या सामानाखाली शिरल्या. आणि वरून ठोका आला. एक, दोन, तीन. थांबून पुन्हा, एक, दोन, तीन. लोखंडातून तो आवाज थेट जमिनीत उतरायचा, उंबरठ्याच्या दगडातून माझ्या मांडीला कळायचा. त्याला वरून पश्चिमेचं दिसत होतं. आम्हाला अजून काही दिसत नव्हतं.

माझी बायको शांता आत पोरांचे कपडे पेटीत भरत होती. बाहेर आली. "ऐकू येते ना तुम्हाले?"

"बस खाली. नाटक आहे त्याचं."

"मानूस वर बसून राह्यला तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तुम्ही उठाल तवा तो उतरंन. त्याचीबी बायको हाये. तिच्या जागी मी असती तं तुमचं तोंड पाह्यलं नसतं."

"मी चुकलो नाही."

"मी कुठं म्हनलं चुकले? बसा. मी चालली." तिने एका हाताने पेटी धरली, दुसऱ्याने धाकटी, आणि मला ओलांडून निघून गेली. अंगणात थांबून मागे न पाहता म्हणाली, "कुलूप लावजा. तो वरून पाहून राह्यला."

नंतर काय झालं ते इथेच सांगून टाकतो, मग पुन्हा त्या गोष्टीकडे वळायला नको. मनोरा लाईनीवर आला, चौथ्या खोलीपासून नवव्यापर्यंत सगळं जमिनीला टेकलं. मिस्त्रीशिवाय आमच्यातल्या कोणाला खरचटलंही नाही. चौकशी झाली. मी उभा राहून सांगितलं, पेच मी आवळले, दुपारी आवळले. त्यांनी मान हलवली आणि कागदावर वारा असं लिहिलं. साहेबांनी आपण होऊन लांबची बदली मागून घेतली. यमुनाबाई पुढे बारा वर्षं जगली. शांता दर संक्रांतीला तिच्याकडे जायची. मी एकदाच गेलो. तिने मला पाणी दिलं, बसायला पाट दिला, आणि सूत उकलत बसली. मी एक घंटा बसलो.

तर मी उठलो, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली वर धरून दाखवली, त्याला दिसेल अशी. ठोके थांबले. मिस्त्री मचाणावरून उतरायला लागला. तोवर आम्हालाही दिसलं होतं. वर्ध्याच्या बाजूने तपकिरी भिंत उभी होती, जमिनीपासून आभाळापर्यंत, आणि ती चालत येत होती.

तो घाई करत नव्हता. लोखंडाकडे तोंड, एक हात, एक पाय, जसा रोज उतरायचा तसाच. आम्ही सगळे हापशापाशी गठ्ठा करून उभे होतो, पेट्या, पोरं, कोंबड्या. वाऱ्याचा पहिला झोत आला आणि तारा वाजायला लागल्या. मधल्या स्टेपर्यंत पोचून तो थांबला. मला वाटलं दमला. त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं, खाली, जे तो दुसऱ्या कोणाला करू देत नसे. मग शिडी एका हाताने धरून त्याने दुसरा हात मोकळा केला आणि आम्हाला मागे लोटल्यासारखा हलवला. हापसा त्याच्या हिशेबाने जवळ होता.

शांता ओरडली, "मांगं सरका!" आम्ही पेट्या टाकून मागे पळालो. वीस पावलं. मी वळून पाहिलं. तो तिथेच होता, उतरला नव्हता, आणि हात अजून हलत होता, अजून मागे, अजून मागे. आम्ही पुन्हा पळालो. तिसऱ्यांदा मी वळलो तेव्हा त्याने हात खाली घेतला, आता ठीक आहे असा, आणि पुढच्या पायरीसाठी पाय सोडला. तेवढ्यात धूळ आली.